न आलेल्यांची वही

सोलापूर

चि. मनू,


पत्र मिळालं. तिशीवरच्या बायकांच्या कॅन्सर तपासणीचं काम आता तुझ्याकडे आलंय आणि पहिल्याच शिबिराला निम्म्या बायकासुद्धा फिरकल्या नाहीत, म्हणून तू खट्टू झालीस. पुढच्या खेपेला मांडव मोठा घालू, पाहुणेही मोठे बोलावू, असं लिहिलंयस. मांडवाचं राहू दे, मनू. जी आली नाही तिचं नाव आधी वहीत घे.

हे मी बार्शीकडे बघून सांगतेय. तिथल्या नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयात डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कामाला हात घातला तो मोजणीपासून. १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या ३४६ गावांसाठी कॅन्सरची नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भागासाठीची ही देशातली पहिलीच. शहरात अशी नोंद दवाखान्यांच्या कागदांवरून होते. खेड्यातली बाई दवाखान्याची पायरी न चढताच जायची, मग कागद कुठून येणार? म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, लक्षणं समजावून सांगितली, शंका आली त्याला तपासणीला पाठवलं. मोजता मोजताच माणसं सावध झाली. गर्भाशयमुखाचा कॅन्सर लवकरच्या टप्प्यावर सापडण्याचं प्रमाण तिथे पुढच्या काही वर्षांतच वाढलं.

पुढे बार्शीकरांनी टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधल्या ल्यों इथली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांच्यासोबत शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. २००९ साली निष्कर्ष छापून आले. आयुष्यात एकदाच एचपीव्ही या विषाणूच्या तपासणीला बोलावलेल्या ३४,१२६ बायकांच्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने आठ वर्षांत ३४ मृत्यू झाले; तपासणीला न बोलावलेल्या ३१,४८८ जणींच्या गटात ६४. जगभर या तपासणीचा आग्रह धरला जातो, त्यामागे आपल्या शेजारच्या या बायका आहेत.

त्या दुसऱ्या गटाचं मला आजही खटकतं. त्यांना माहिती दिली होती, तपासणी कुठे होते तेही सांगितलं होतं, पण हाताला धरून कुणी नेलं नाही. यावर पुढे बरीच टीका झाली आणि ती व्हायलाच हवी होती. नुसती माहिती दिलेली बाई आणि हाताला धरून नेलेली बाई यांतलं अंतर मात्र त्या आकड्यांत दिसतं, ते तू विसरू नकोस.

तुझ्या उपकेंद्रात एचपीव्हीची सोय नाही, अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून बघायची साधी तपासणी आहे. तिला कमी लेखू नकोस. द्रावण लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि गर्भपिशवीच्या तोंडावर पांढरा डाग उठतो का, ते नीट उजेडात बघायचं. त्या मिनिटात घाई करू नकोस. धाराशिवच्या अभ्यासात ही तपासणी एकदाच केली, तेव्हा मृत्यूंमध्ये ठोस फरक दिसला नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये मात्र टाटा रुग्णालयाने दहावी शिकलेल्या बायकांना शिकवून हीच तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा करवली, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे त्याच बाईकडे पुन्हा पुन्हा जावं लागतं. एका शिबिराच्या फोटोवर हे भागत नाही.

आता न येण्याची कारणं. कुंभारीच्या विडी कामगार घरकुलातल्या बाईला हजार विड्यांमागे मजुरी मिळते. मांडीवर सूप घेऊन ती सकाळपासून वळत बसलेली असते; दुपारी तिला उठवलंस तर त्या दिवसाची कमाई बुडाली. तेव्हा कारखान्यात विड्या देऊन ती परतली की मग जा. तिथल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड. ती भाषा येणारी आशाताई सोबत हवीच. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. शिबिर जानेवारीत ठेवलंस तर त्या बायका तुझ्या यादीतच येणार नाहीत.

भीतीचं कारण सगळ्यात मोठं. ‘तपासलं की पिशवी काढायला लावतात’ हे वाक्य तुला ऐकू येईलच. ते खोडून काढायला जाऊ नकोस. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या, त्याची सरकारला चौकशी करावी लागली होती. त्यांची भीती खरी आहे. डाग म्हणजे कॅन्सर नव्हे, बहुतेक डागांना पिशवी काढावी लागत नाही, हे शांतपणे सांग. आणि तोंडाच्या तपासणीत मिसरीचं विचारायचं ते सासूसमोर नको. तोंड बघताना हळूच विचार: तिखट लागतं का, तोंड पूर्ण उघडतं का, चट्टा किती दिवसांचा आहे.

एकदा एका बाईकडे मी दिलेली चिठ्ठी तांदळाच्या डब्यात घडी घालून ठेवलेली सापडली. ती दवाखान्यात गेलीच नव्हती. तिने विचारलं, ‘सिस्टर, तिथं गेल्यावर कुणाला भेटू?’ चिठ्ठीवर रुग्णालयाचं नाव होतं, माणसाचं नव्हतं. तेव्हापासून मी कुणालाच नुसती चिठ्ठी देऊन पाठवलं नाही. तूही देऊ नकोस. कोणत्या वारी, कोणत्या खिडकीवर, कोणाला भेटायचं, ते लिही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड आधीच तपासून घे. रेडिएशन घ्यावं लागलं तर पाच-सहा आठवडे रोज जावं लागतं. ती राहणार कुठे, तोवर घरी भाकरी कोण करणार, हेही घरच्यांसमोर बोलून घे.

तर वहीत तीन रकाने आख: आली नाही, डाग दिसला, उपचार पूर्ण झाला. दर सोमवारी पहिल्या दोन रकान्यांतली नावं आशाताईंमध्ये वाटून दे, आणि बैठकीत ‘किती तपासल्या’ असं विचारलं की त्या दोन रकान्यांचे आकडेही न चुकता सांग. साहेब नाराज झाले तरी सांग.

टोळ्या गुढीपाडव्याच्या आगेमागे परत येतील. त्याआधी त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्यांकडून नावं लिहून घेऊन ठेव.

तुझी,
मावशी