हात घालायचा नाही म्हणजे नाही

व्हिडिओ पाहिला. इंजिन धडधडतंय, स्नोब्लोअरची चूट ओल्या बर्फाने तुंबलीय आणि तू मोज्यासकट हात आत घालून बर्फ उकरतोयस. वर लिहितोस, ‘सर, बफेलोचा हिवाळा!’ कौतुक करू तुझं? नोव्हेंबर २०२२मध्ये तुमच्या शेजारच्या ऑर्चर्ड पार्कमध्ये सहा फुटांहून जास्त बर्फ पडला, हे ठाऊक आहे मला. बर्फाला इलाज नाही, पण अक्कल गहाण टाकायला कुणी सांगितलं होतं?

चकमध्ये चावी तशीच ठेवून लेथ सुरू करायला निघालेल्या पोराला मी वर्कशॉपबाहेर काढत असे. त्याच वर्कशॉपमध्ये तू शिकलास. साता समुद्रापार गेल्यावर यंत्राचे नियम बदलतात का?

नीट ऐक. तुझं मशीन टू-स्टेज आहे. पुढचा ऑगर बर्फ मध्यावर ओढतो आणि मागचा पंखा तो चूटमधून भिरकावतो. जिथे तू बोटं घातलीस, त्याच्याच खाली तो पंखा आहे. इंजिन बंद केलं की धोका टळला, हा भ्रमही काढून टाक. पातं आणि त्याभोवतीचा पत्रा यांच्यात बर्फाचा गोळा अडकला की पट्ट्यात ताण उरू शकतो. तू गोळा मोकळा करतोस आणि पातं उसळतं. बोटं जायला पाव फेराही पुरतो. म्हणून आधी लिव्हर सोड, इंजिन बंद कर, चावी काढ, सगळं फिरायचं थांबू दे आणि मग दांडा घाल. तो दांडा मशीनवरच अडकवून दिलेला आहे. हरवला असेल तर झाडूचा घे. पण हात नाही. ‘एकदाच, पटकन’ म्हणून तर मुळीच नाही.

आणि ऑगरच्या लिव्हरला सुतळी कुणी बांधली? हात सुटताच ऑगर थांबावा, यासाठीच ती लिव्हर आहे. बर्फावर पाय घसरून तू त्याच्यासमोर पडलास तर थांबवणार कोण? पुढे म्हणतोस, शिअर पिन सारखी तुटते म्हणून साधा बोल्ट घातला. अरे, ती पिन तुटण्यासाठीच असते! दगड अडकला की ती तुटते आणि गिअरबॉक्स वाचतो. एवढं तरी तुला कळायला हवं होतं.

मशीन तुंबतं त्यालाही तूच कारणीभूत आहेस. रात्रभर बर्फ साचू देतोस, पारा शून्याजवळ येऊन तो ओलाजड झाला की बाहेर पडतोस आणि मशीन रेटतोस. पडत असतानाच मधूनमधून काढत जा. इंजिन पूर्ण वेगात, चाकं सावकाश, आणि बर्फ जड असेल तर अर्ध्याच रुंदीचा पट्टा घे. रस्ता साफ करणारी गाडी ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो टणक ढीग लावून जाते, तो थोडा थोडा कुरतड, एका दमात घुसू नकोस. उतारावर आडवा चालू नकोस, वरखाली चाल. गळ्यातला मफलर काढून ठेव. गरम इंजिनात पेट्रोल ओतू नकोस. गॅरेजमध्ये इंजिन चालवू नकोस, दार सताड उघडं असलं तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, दाराच्या भरवशावर तो बाहेर जात नाही.

सगळ्यात जास्त संताप आला तो शेवटी. दारात तुझी लेक उभी आहे आणि चूटचं तोंड थेट तिच्याकडे. बर्फाबरोबर खडा उडाला असता तर? मशीन चालू असताना पोरं घरात, दार बंद. यात तडजोड नाही.

आज सुतळी काप. साधा बोल्ट काढ, मशीनच्या मापाच्या शिअर पिना आण आणि दांडा जागेवर लाव. हे सगळं झालं की मला फोन कर. ड्राइव्हवे दुपारपर्यंत तुंबून राहिला तरी चालेल, ऑफिसला उशीर झाला तरी चालेल. माझ्या विद्यार्थ्याची दहाही बोटं मला शाबूत हवी आहेत.