मागून डावा, पुढून उजवा

आधी तो फोन खिशात घाल. दिवा हिरवा झाला म्हणून फोटो काढून ग्रुपवर टाकायला निघालास होय? तो दिवा तू असूनही हिरवा झालाय, हे लिहिणार आहेस का फोटोखाली? बस त्या खोक्यावर. चहा नंतर मिळेल.

अर्ध्या तासापूर्वी तुझा हात कुठे होता? मी सांगतो. तीन नंबरच्या शेल्फच्या मागे, उजव्या पॉवर सप्लायच्या खटक्यावर. आणि मेलेला कोणता होता? डावा. कॉर्डला धरून ठेवणारी तारेची क्लिप निघेना म्हणून तू तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतास. तो उद्धार माझ्या कानावर आला म्हणून मी धावत येऊन मनगट धरलं. ती दमडीची तार जरा सैल असती, तर चोवीस डिस्कचं शेल्फ एका झटक्यात अंधारात गेलं असतं.

यावर तुझं उत्तर काय, तर "सर, हॉट-स्वॅप आहे ना." एक शब्द शिकलास आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालास. हॉट-स्वॅप म्हणजे यंत्र चालू असताना भाग बदलता येतो, एवढंच. कोणता भाग ओढायचा ते यंत्र ठरवत नाही. चांगला सप्लाय ओढलास तरी तो तितक्याच मऊपणे हातात येईल. अडवणारं तिथे कोणी नाही.

चूक कशी झाली तेही बघू, कारण ती बावळटाची चूक नाही, अतिशहाण्याची आहे. स्क्रीनवरच्या चित्रात एक नंबरचा सप्लाय डावीकडे लाल दिसत होता. तू पुढच्या गल्लीत उभा राहून विचार केलास, की आता मी मागे जाणार, म्हणजे डावं-उजवं उलटणार. तळहातावर पेनाने "उजवा" लिहिलंस. पण ते चित्र मुळातच मागून काढलेलं होतं रे! उलटलेलं तू पुन्हा उलटलंस. चित्राखाली "मागील बाजू" असं लिहिलेलं असतं, ते वाचायला काय पैसे पडतात? आणि खुद्द सप्लायवर नारिंगी दिवा जळत होता, केबलच्या जुडग्यामागे. जुडगं दोन बोटांनी बाजूला केलं असतंस तरी दिसला असता. स्क्रीनवरून शेल्फ दाखवणारा लोकेटचा दिवा लावायचा, मागे जायचं, शेल्फचा नंबर मोठ्याने वाचायचा, सप्लायवर छापलेला नंबर वाचायचा, दिव्याचा रंग बघायचा, आणि मगच हात लावायचा. तळहातावर लिहायचं असेल तर डावं-उजवं लिहू नकोस, नंबर लिही.

"पण सर, रेड-सिक्स आहे." आहे ना. दोन डिस्क गेल्या तर ते सांभाळून घेतं. चोवीस नाही. शेल्फची वीज गेली की कंट्रोलरच्या दृष्टीने सगळ्या डिस्क एकाच क्षणी नाहीशा होतात. ज्या गटाच्या डिस्क त्या शेल्फात, तो गट बसला.

आणि त्यावर तू जे बोललास ते ऐकून मला खरंच राग आला. "गेलंच असतं तर पटकन कॉर्ड परत लावली असती." पटकन! मे २०१७ मध्ये लंडनला ब्रिटिश एअरवेजच्या डेटा सेंटरमध्ये एका माणसाकडून वीज तुटली. पंचाहत्तर हजार प्रवासी विमानतळांवर अडकले. त्या कंपनीच्या मालक-समूहाचे तेव्हाचे प्रमुख विली वॉल्श यांनी नंतर काय सांगितलं माहीत आहे? वीज तोडणं ही चूक होऊ शकते, ते समजू शकतं. खरं नुकसान झालं ते वीज वेड्यावाकड्या पद्धतीने परत आणल्याने. गेलेली वीज परत आणायची ती क्रमाने. आधी शेल्फ, डिस्क फिरून स्थिर झाल्या की मग कंट्रोलर. घाबरून परत खुपसलेली कॉर्ड म्हणजे पडलेल्या माणसाला दंडाला धरून हिसक्याने उभं करणं.

आता कॉर्डवर येतो. डावीकडची लाल, उजवीकडची निळी, म्हणून तू गृहीत धरलंस की दोन वेगळ्या फीड आहेत. हात लावून शेवटपर्यंत माग काढलास? रंगावर कधी विसंबू नकोस. मी विसंबलो होतो. तेव्हा माझी नोकरी नवी होती, जागा कुठली ते विचारू नकोस. एक सप्लाय मेला, मी नियमाप्रमाणे बदलायला घेतला, सगळं अगदी पुस्तकातल्यासारखं. तेवढ्यात त्याच रांगेतल्या एका पीडीयूचा, म्हणजे वीज वाटणाऱ्या पट्टीचा, ब्रेकर पडला आणि शेल्फ गेलं. निळी कॉर्ड आखूड पडते म्हणून कोणीतरी ती लाल बाजूच्या पीडीयूत खोचून ठेवली होती. दोन सप्लाय, दोन रंग, आणि खाली वीज एकच. त्या रात्री साहेबांनी मला काही विचारलं नाही. नुसते माझ्याकडे बघत उभे राहिले. ते अजून आठवतं.

मी एकटा नव्हतो. ऑगस्ट २०१६ मध्ये अटलांटात डेल्टा एअरलाइन्सचं पॉवर कंट्रोल मॉड्यूल बिघडलं. राखीव वीज होती. पण सुमारे सात हजार यंत्रांपैकी तीनशेच्या आसपास त्या राखीव विजेला नीट जोडलेलीच नव्हती. दोन हजारांवर उड्डाणं रद्द झाली. तीनशे यंत्रांच्या कॉर्ड कोणी हाताने तपासल्या असत्या तर? कंटाळवाणं काम आहे, मान्य. म्हणूनच ते राहून जातं, आणि म्हणूनच मी तुला पुन्हा पुन्हा तेच सांगतो.

शिवाय सप्लाय मेला हे तू कशावरून ठरवलंस? आत वीज येतच नसेल तर बिचाऱ्या सप्लायचा काय दोष? आधी कॉर्ड दोन्ही टोकांना दाबून बघायची, पीडीयूचा ब्रेकर बघायचा. आज बाहेरून वीज येत होती आणि दिवा नारिंगी होता, म्हणजे दोष सप्लायचाच. पण हे मी तपासलं, तू नाही. आणि हो, "चांगल्या सप्लायची कॉर्ड काढून याला लावून बघू" हा जो विचार तू बोलून दाखवलास तो पुन्हा कधी डोक्यात आणू नकोस. शेल्फ ज्याच्या जिवावर उभं आहे त्याचाच प्राणवायू काढून मढ्याला लावायचा? एक सप्लाय गेला की सगळा भार दुसऱ्यावर येतो. तोही त्याच दिवशी बसवलेला, त्याच उष्णतेत म्हातारा झालेला. त्याच्या वाटेला जायचं नाही. त्याच्या कॉर्डला धक्कासुद्धा लागता कामा नये.

नवा सप्लाय कुठे होता? स्टोअरमध्ये, सीलबंद. म्हणजे तू जुना ओढून, भोक तसंच उघडं ठेवून, लिफ्टने खाली जाणार होतास. त्या सप्लायमध्ये पंखा आहे, बाबा. तो गेला की हवेची वाट बिघडते; गार हवा डिस्कवरून न जाता त्या भोकाच्या आजूबाजूलाच घुटमळते, उरलेले पंखे जिवाच्या आकांताने फिरू लागतात. काही शेल्फच्या पुस्तिकेत तर चक्क दोन मिनिटांची मुदत दिलेली असते. नवा भाग खोक्यातून काढून, पार्ट नंबर जुळवून, पायाशी ठेवलेला असल्याशिवाय जुन्याला हात नाही. वॉटचा आकडा सारखा, एसी असेल तर एसीच, कार्यक्षमतेचा दर्जाही तोच. प्लॅटिनमशेजारी टायटॅनियम बसेल, खटका लागेल, पण पुस्तिका नको म्हणते तर नको.

बसवताना मात्र तू बरा वागलास, तेवढं कबूल करतो. मनगटाला पट्टा होता, दोन्ही हातांनी खालून आधार दिलास. पण शेवटी अडल्यावर तळहाताने ढकलायला गेलास, तेव्हा मी ओरडलो ते उगीच नाही. अडतंय म्हणजे तिरकं आहे. मागे घे, सरळ कर, पुन्हा सरकव. आतल्या पिना वाकल्या तर नवा सप्लाय तर गेलाच, शेल्फही गेलं. हँडल पूर्ण मिटलं की मगच कॉर्ड, कॉर्डवर क्लिप, आणि मग थांबायचं. दिवा हिरवा झाला म्हणजे काम संपलं असं नव्हे. स्क्रीनवरची तक्रार मिटली का, पंख्यांचा आवाज खाली आला का, दोन्ही सप्लाय भार वाटून घेतायत का, आणि राईट कॅशे बंद पडला असेल तर तो पुन्हा चालू झाला का, एवढं बघून तिकीट बंद करायचं. तू फोन काढलास तेव्हा पंखे अजून केकाटत होते.

आणि तो स्क्रू ड्रायव्हर खाली ठेव. आत काय जळलंय ते बघायचंय, माहीत आहे मला. तुझ्या वयात मलाही बघायचं होतं. आतला मोठा कपॅसिटर चारशे व्होल्टच्या आसपास भरलेला असतो आणि कॉर्ड काढली म्हणून लगेच रिकामा होत नाही. कंपनीला परत पाठवायचा आहे तो, तसाच्या तसा.

तुझा चहा गार झाला. असू दे. तो मेलेला सप्लाय तू नव्याच्या रिकाम्या खोक्यात घालून परत स्पेअरच्या फळीवर ठेवलायस, ते बघितलंय मी. उद्या रात्री दुसऱ्या कोणाला घाईत तोच मिळेल. ऊठ. लाल टेप घे, त्यावर मोठ्या अक्षरात "बिघडलेला" लिही, खाली शेल्फचा नंबर, सप्लायचा नंबर आणि आजची तारीख घाल, फळीवरून काढून परतीच्या पेटीत ठेव, आणि मग घरी जा.