शेवाळ खरवडताना

सांगलीतल्या आमच्या जैन घरात माशांची काचेची टाकी आहे. तिच्यासाठी मी घरीच शेवाळाची गाळणी केली: चीर पाडलेला पीव्हीसी पाइप, त्याखाली करवतीच्या पात्याने खरखरीत केलेली प्लॅस्टिकची जाळी, दोन्ही अंगांना ६६० नॅनोमीटरचे लाल एलईडी. जाळीवरून पाणी पातळ थराने उतरतं आणि उजेडात वाढणारं शेवाळ त्यातलं नायट्रेट, फॉस्फेट शोषून घेतं. अमेरिकेत वॉल्टर एडी यांनी ही पद्धत विकसित केली.

प्रश्न पुढचा आहे. शेवाळ वरचेवर खरवडावंच लागतं. नाहीतर आतला थर उजेडाविना मरतो, कुजतो, शोषलेलं सगळं पाण्यात परत सोडतो. हाताला ते ओल्या लोकरीसारखं लागतं. आणि जैन शास्त्रात शेवाळ म्हणजे अनंतकाय, एका शरीरात अनंत जीव. श्रावकाला, म्हणजे गृहस्थ जैनाला, संकल्पी (जाणूनबुजून केलेली) हिंसा वर्ज्य; घरप्रपंचात अटळ असलेली आरंभी हिंसा त्याने कमीत कमी ठेवायची. पण मासे पाळणं अटळ कुठे आहे? शेवाळ मी वाढवतो तेच खरवडण्यासाठी. तेव्हा ‘आरंभी’ म्हणून माझी सुटका नाही. मात्र पदरी असलेल्या माशांना घाण पाण्यात ठेवणं ही पंचेंद्रिय जीवांची हिंसा, आणि ती मोठी. म्हणून हे मासे जगतील तोवर जाळी खरवडत राहीन. नवे मासे आणणार नाही.