फसलेल्याला दोषी म्हणावे का?



बँकेच्या नावाने ईमेल येतो : खाते बंद होईल, पासवर्ड कळवा. कोणी कळवतो आणि पैसे जातात. मग आपण म्हणतो, चूक त्याचीच! हा न्याय पुरा आहे का?

पुण्याच्या एका उद्योजकाने अशाच ईमेलला उत्तर दिले. पंजाब नॅशनल बँकेतील त्यांच्या खात्यातून ८०.१० लाख रुपये गेले. २०१३ साली महाराष्ट्राचे माहिती-तंत्रज्ञान सचिव राजेश अग्रवाल यांनी निकाल दिला : भामट्यांच्या खात्यांची नीट तपासणी न केल्याबद्दल बँकेने ४५ लाख द्यावेत, उत्तर देणाऱ्यानेही नुकसानीचा वाटा सोसावा.

संत थॉमस अक्वायनस सावधपणाला विवेकाचा भाग मानतात. म्हणून निष्काळजीपणा दोष आहेच. पण लबाडीचे पाप लबाडाचेच राहते, असे आम्हाला वाटते.

तेव्हा ईमेलमधील लिंक न उघडता आपण स्वतः शाखेत विचारू. पासवर्ड, ओटीपी कोणालाही देऊ नये. आणि आपल्या हेदवीत कोणी फसलाच, तर त्याला हसू नये. लाजेने तो गप्प बसला, तर पैसे वाचवण्याची वेळ निघून जाते. त्याच्यासोबत बसून लगेच बँकेला कळवू व १९३० वर फोन करू.

प्रभू आपणां सर्वांना विवेक देवो.