लॉबीतला खेळ

अमेरिकेत क्लीव्हलंड नावाचं शहर आहे. त्याच्या ऐन मध्यवस्तीत, युक्लिड अव्हेन्यूच्या परिसरात, १९२१ आणि १९२२ या दोन वर्षांत पाच देखणी थिएटरं उभी राहिली. पुढे माणसं उपनगरांत राहायला गेली, घरोघरी टीव्ही आला. १९६९ संपेपर्यंत त्यांतल्या चार थिएटरांना कुलपं लागली.

पुढच्याच वर्षी रे शेपर्डसन नावाचा शाळा मंडळातला एक नोकरदार शिक्षकांच्या सभेसाठी जागा शोधत होता. शोधता शोधता तो बंद पडलेल्या स्टेट थिएटरात शिरला. आत पडझड झाली होती. पण लॉबी ३२० फूट लांब होती आणि तिच्या भिंतींवर मोठाली चित्रं होती. सभा राहिली बाजूला. त्याने नोकरीच सोडली आणि थिएटरं वाचवायच्या मागे लागला. गाठीशी पैसा नव्हता, नाटकधंद्याची माहिती त्याहून नव्हती.

१९७२ मध्ये स्टेट आणि त्याला लागून असलेलं ओहायो पाडून तिथे गाड्या लावायला जागा करायचं घाटू लागलं. हिशेबाने पाहिलं तर त्यात काही चूकही नव्हतं. बंद थिएटर दमडी देत नाही, पार्किंग रोज देतं. तरी महिलांच्या एका संस्थेने २५ हजार डॉलर दिले, आणखी काही जण पुढे आले आणि पाडकाम टळलं.

सभागृह दुरुस्त करायचं तर मोठी रक्कम हवी होती. शेपर्डसन तिच्यासाठी थांबला नाही. त्याने लॉबीतच टेबल-खुर्च्या मांडल्या आणि १९७३ च्या एप्रिलमध्ये जाक ब्रेल या बेल्जियन गायकाच्या गाण्यांचा खेळ लावला. चालला तर काही आठवडे चालेल, असा अंदाज होता. तो दोन वर्षं चालला, वर आणखी काही महिने. पाचशेच्या वर प्रयोग झाले.

जुनं शहर वाचवायला चला, अशी हाक दिली असती तर किती जण आले असते कोण जाणे. गाणी ऐकायला चला म्हटल्यावर माणसं आली. येता-जाता त्यांना ती वास्तू आपली वाटू लागली, आणि आपली वाटलेली वास्तू पाडू देणं जड जातं.

पुढचं काम सावकाश झालं. १९७७ मध्ये काउंटीने स्टेट आणि ओहायोची इमारत विकत घेतली. ओहायो १९८२ मध्ये उघडलं, स्टेट १९८४ मध्ये, त्या पाचांतलंच पॅलेस १९८८ मध्ये. शेपर्डसन त्याआधीच दुसऱ्या शहरांतली जुनी थिएटरं उभी करायला निघून गेला होता.