अर्धं तिकीट

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि धाराशिव-तुळजापूर-सोलापूर रस्त्यावरच्या गाड्यांचं रूपच पालटलं. सकाळच्या गाडीत तिघीचौघींचा घोळका चढतो. हातात घडी घातलेल्या रिकाम्या पिशव्या, एकीच्या मांडीवर भाकरीचा डबा. कुठं निघालात म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "सोलापूरला, जरा काम होतं." काम म्हणजे नवी पेठेत पोरांचे कपडे बघायचे, चाटी गल्लीत एखादी साडी घ्यायची, जमलं तर सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी घटकाभर टेकायचं आणि येताना शेंगाचटणी आणायची. एवढ्यासाठीही काम सांगावं लागतं, हे मला फार खुपतं.

धाराशिव जिल्ह्यात घर सोडायला कायम काहीतरी भाग पाडणारंच लागलं. वाशी, भूम, कळंबकडची माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. दुष्काळात जनावरांमागं चारा छावणीवर जाऊन राहतात. पुष्कळ बायांनी सोलापूर पाहिलं ते दवाखान्यापायी, आणि बार्शी म्हटलं की कितीतरी घरांना आधी नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आठवतं. आनंदाचं म्हणावं असं कारण एक लग्नाच्या बस्त्याचं आणि दुसरं देवाचं. येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्री यात्रा, तुळजापूरचं नवरात्र. दर्शन झालं की बांगड्यांच्या दुकानापुढं हात पुढं करायचा, पोराला पिपाणी घ्यायची. देवाच्या आडोशानं का होईना, चार पैसे आपल्या मनासारखे खर्च करायची मुभा होती. त्या आडोशाला मी नावं ठेवणार नाही. पण आता तो लागू नये, एवढं मात्र वाटतं.

आडोशाशिवाय जायचं तर आधी सुटी हवी. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी तिच्यासाठी वर्षानुवर्षं झगडल्यावर. गिरणीचा भोंगा ठरावीक वेळी वाजतो, मग तो एक दिवस वाजू नये असं मागता येतं. शेतावर आणि घरात भोंगा नसतो, म्हणून तिथली सुटी कुणी मागितलीच नाही. आपल्याकडं येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे, आणि धाराशिव-लातूरकडं ती जीव की प्राण आहे. पुण्या-मुंबईला गेलेली पोरं त्या दिवशी रानात येतात, कडब्याच्या कोपीत पांडव मांडले जातात, सगळं रान जेवतं. पण भज्जी शिजवायला, उंडे वळायला, आंबिलाचं आदल्या दिवसापासून बघायला रात्रभर चुलीपुढं कोण असतं? वर्षातला सगळ्यांत मोठा सुटीचा दिवस तिच्यासाठी सगळ्यांत जास्त कामाचा.

भूम तालुक्यात बघा. कुंथलगिरीच्या खव्याचं नाव लांबवर आहे. दूध कढईत ओतलं की उलथणं थांबवता येत नाही. हात थांबला की खवा तळाला लागतो. त्या दुधामागं घरोघरच्या म्हशी आहेत, आणि म्हशीमागं बाई. धार सकाळ-संध्याकाळ, न चुकता. परका हात लागला तर म्हैस पान्हा चोरते. या बाईला बार्शीला जायचं तर गाडीभाड्याची फिकीर मागाहून येते. पहिला सवाल एकच, "मागं म्हशीचं कोण बघंल?"

सरकारनं गाडीभाडं निम्म्यावर आणलं, ही मोठीच गोष्ट झाली. पण जाण्याची खरी किंमत तिकिटावर छापलेली नसते. कुणीतरी धार काढायची, कुणीतरी म्हाताऱ्याला जेवायला वाढायचं, वीज आली की कुणीतरी मोटार चालू करायची. बाईच्या एका मोकळ्या दिवसापायी दुसऱ्या कुणाचा तरी दिवस दुप्पट भरतो. तो बहुतेक जावेचा असतो, नाहीतर सासूचा. आणि जिथं जाऊ-सासू नाही तिथं शाळा बुडवून घरी राहिलेल्या पोरीचा. या शेवटच्या सोयीला माझा सक्त विरोध आहे. आईची सुटी लेकीच्या वर्गातल्या जागेतून निघू नये.

पुरुषाच्या जाण्याला असा हिशोब लागत नाही. कोर्टाची तारीख, मार्केट यार्ड, पंचायत समिती, आणि त्या कामाच्या आगंमागं हॉटेलातला चहा, दोस्त, गप्पा. त्याबद्दल कुणी कुणाला जाब विचारत नाही. मग चाटी गल्लीत तास काढणाऱ्या बाईलाच "चैन करायला गेली" असं का ऐकावं लागावं? आता सगळं तालुक्याला मिळतं, मोबाइलवर मागवलं तर पार्सल गावात येतं, हेही वर ऐकवलं जातं. मिळतं, खरंच मिळतं. पण दुकानाच्या गादीवर ती बसलेली असते तेव्हा बघा. दुकानदार घडीवर घडी उलगडतो, "ताई, हा रंग बघा, काठ मोठा दाखवू?" मैत्रीण पदर खांद्यावर टाकून बघते, दुसरी म्हणते तुला हिरवा खुलत नाही. घेते ती एकच, तीही भाव पाडून. पण तुला काय पाहिजे, हे त्या तासाभरात तिला कितीदा तरी विचारलं जातं. घरी हा प्रश्न तिच्या वाट्याला क्वचित येतो. पार्सलमधून साडी येते, हे विचारणं येत नाही. बचत गटाचा हप्ता थकवून कुणी खरेदी करू नये, हे खरंच. पण ते पुरुषाच्या खर्चालाही तेवढंच लागू आहे.

बाजारासाठी गाव ओलांडणं या मातीला काही नवं नाही. आपलं तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात तगराहून गाड्या भरून कापड भडोचच्या बंदराकडं जात असल्याची नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वी इथलं कापड समुद्रापर्यंत पोचलं. ज्या घरांत त्याचं सूत कातलं गेलं असेल, तिथल्या बायका किती लांब गेल्या असतील, याचा विचार मनातून जात नाही.

सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाचं काम चालू आहे. गाडी सुरू झाली की शहर आणखी जवळ येईल. तरी परतायची वेळ आजही वेळापत्रक ठरवत नाही, संध्याकाळची धार ठरवते. तुळजापूर तालुक्यातही डेअरीची गाडी कुणासाठी थांबत नाही. म्हणून सकाळच्या गाडीतल्या त्या चौघी तीन वाजायच्या आतच सोलापूरच्या स्टँडवर येऊन उभ्या राहतात, पिशव्या पायाशी घेऊन. महिन्यातून एकदा बादली घेऊन घरातला पुरुष म्हशीखाली बसला, तर चौघींना सोलापूरच्या भागवत थिएटरमधला दुपारचा सिनेमा अर्ध्यात सोडून उठावं लागणार नाही. सुरुवातीला म्हैस पान्हा चोरेल. चार खेपांत तिला त्याचाही हात कळेल.