अक्षरें आणि पांखरें

स्क्रॅबल या इंग्रजी शब्दखेळाच्या कोशांत दुर्मिळ पक्ष्यांचीं नांवें घालावीं कीं नाहीं, हा वाद प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटतो. परंतु ज्याची आपणांस ओळख नाहीं त्याचें नांव वापरण्याचा आपणांस अधिकार आहे काय, हा गंभीर प्रश्न त्याच्या पोटीं दडलेला आहे.

‘हुइआ’ हेंच नांव घेऊं. इंग्रजींत याचीं अक्षरें चार, पैकीं स्वर तीन. हातांत स्वरांच्या सोंगट्या तुंबल्या असतां खेळाडूस तें वरदानच वाटतें. हा न्यूझीलंडचा पक्षी. नराची चोंच आखूड व बळकट, मादीची लांब व बांकदार. त्याच्या शेपटीचें पांढऱ्या टोकाचें पीस माओरी सरदार मस्तकीं धारण करीत. पुढें पंचम जॉर्ज झालेल्या राजपुत्रानें १९०१ सालीं तें टोपींत खोवलें, आणि पिसांची मागणी बेसुमार वाढली. १९०७ नंतर हा पक्षी खात्रीनें कोणासही दिसला नाहीं.

कित्येकांचें म्हणणें असें कीं, अर्थ न जाणतां शब्द मांडणें ही शब्दाची विटंबना होय. सबब असे शब्द गाळावे. न्यूझीलंडचेच नायजेल रिचर्ड्‌स यांनीं फ्रेंच बोलतां येत नसतांही २०१५ सालीं फ्रेंच स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा जिंकली, हें या पक्षास अनुकूलच उदाहरण आहे.

तथापि हें मत आम्हांस मान्य नाहीं. आमचा कोकीळही ‘कोएल’ या रूपानें त्याच कोशांत आहे. चैत्रांत आंब्यावरून त्याची साद आम्ही ऐकतों. लंडनच्या खेळाडूस मात्र तो चार सोंगट्यांपलीकडे कांहींच नसेल. याचें आम्हांस किंचित् वाईट वाटतें. पण हुइआविषयीं आमची तरी स्थिति याहून निराळी कोठें आहे? दुर्मिळपणा हा बहुधा पाहणाराच्या अज्ञानाचा गुण असतो. उलट, नित्य उपयोगाची कसोटी लावून शब्द गाळूं लागल्यास काय होतें? ऑक्सफर्डच्या मुलांसाठीं काढलेल्या एका कोशांतून २००७ सालीं खंड्याचें इंग्रजी नांव गळालें. खंड्या जिवंत, पण नांव गेलें. हुइआ गेला, पण नांव राहिलें!

म्हणून नांवें अवश्य घ्यावीं. मात्र ज्याच्या नांवावर गुण मिळविले, त्याची खेळ संपल्यावर तरी चौकशी करावी. एवढें ऋण फेडणें कोणासही जड नाहीं.